दहा वर्षांची सुट्टी

सरकारी गाडी बिघडायची ती नेहमी रोझ बेलमध्येच, आणि रोझ बेलमध्येही रामदत्त सीबालकच्या दारासमोरच. विमानतळावरून राजधानीकडे येताना बिघडायची. परत जाताना कधी बिघडली नाही. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही यातलं गुपित ठाऊक होतं. ठाऊक नसायचं ते फक्त मागच्या सीटवर बसलेल्या पाहुण्याला, आणि सगळा खेळ मांडलेला असायचा त्याच्यासाठीच.

रामदत्तचं आडनाव खरं तर शिवबालक. आजा कलकत्त्याहून जहाजानं आला, तेव्हा नोंदणीच्या गोऱ्या कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलं आणि शिवबालकाचा सीबालक झाला. आजानं ऊस तोडला, बापानं ऊस तोडला, रामदत्त गाडी चालवायला शिकला. तेवढ्यावरही त्याचं समाधान झालं असतं, पण त्याला नोकरी लागली ती सरकारी, आणि तीही अशा खात्यात की ज्याचं काम परदेशातले पैसेवाले शोधून आणायचे आणि 'आमच्या बेटावर कारखाना काढा' म्हणून त्यांची मनधरणी करायची. स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. बेटावर उसाशिवाय काही नव्हतं आणि उसात सगळ्यांना पुरेल इतकं काम नव्हतं. घरटी दोन-दोन शिकलेली मुलं ओट्यावर बसून असायची.

खात्याचे साहेब होते मिस्ये, म्हणजे श्रीयुत, लापोर्त. अंगानं काटकुळे, इस्त्री कडक आणि बोलणं मधात घोळलेलं. त्यांनी रामदत्तला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "रामदत्त, गाडीत बसताना कान घरी खुंटीला टांगून यायचे. मागच्या सीटवर जे बोललं जातं, ते सरकारचं." रामदत्तनं हा नियम व्रतासारखा पाळला. त्याचं इंग्रजी शाळेपुरतंच, त्यामुळे पाळायला फारसे कष्टही पडले नाहीत.

पहिल्यांदा मात्र गाडी खरोखरच बिघडली होती. हाँगकाँगहून मिस्टर क्वोक नावाचे गृहस्थ आले होते. लोकरीचे स्वेटर विणायचा त्यांचा धंदा. आमच्या बेटाआधी ते दोन देश बघून आले होते आणि आमचाही त्यांच्या मनात भरलेला दिसत नव्हता. विमानतळावरून निघाल्यापासून तोंडातून शब्द नाही. मिस्ये लापोर्त बंदर दाखवतायत, रस्ते सांगतायत, आणि क्वोकसाहेब दोन्ही बाजूंच्या उसाकडे बघून जांभया देतायत. तेवढ्यात रोझ बेलच्या चढावर रेडिएटरनं वाफ सोडली. त्याचं घर समोरच होतं, म्हणून तो पाणी आणायला धावला आणि पाहुण्याला उन्हात कसं बसवायचं, म्हणून साहेबांनी त्यांना ओट्यावर आणून बसवलं.

ओट्यावर रामदत्तची मुलगी विद्वंती मांडीवर सूप घेऊन काळा मसूर निवडत होती. वय सतरा. आई दहाव्या वर्षी गेलेली. तिला वाढवलं ते रामदत्तच्या थोरल्या बहिणीनं. या बहिणीला अख्खं गाव फुआ, म्हणजे आत्याच, म्हणायचं. ती शेजारीच बसून पाहुण्यांच्या बुटांकडे नापसंतीनं बघत होती. क्वोकसाहेबांची नजर मात्र विद्वंतीच्या बोटांवर खिळली. ती बोटं सुपावर चालत नव्हती, नुसती थरथरत होती म्हणा ना. आणि खडे आपोआप बाजूला पडत होते. क्वोकसाहेब उठले, अंगणातली मूठभर बारीक वाळू उचलली आणि सरळ सुपात टाकली. मग मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहिले.

"मुडदा बसवला तुझा!" फुआ कडाडली. "निवडलेल्या मसुरात माती कालवतोस? तुझ्या आईनं हेच शिकवलं का तुला?"

"काय म्हणतात त्या?" क्वोकसाहेबांनी विचारलं.

"त्या म्हणतात, पाहुण्यांचे पाय घराला लागले, आम्ही धन्य झालो," मिस्ये लापोर्त म्हणाले.

दोन मिनिटांत विद्वंतीनं सूप स्वच्छ करून पुढे सरकवलं. क्वोकसाहेबांनी बोटानं मसूर ढवळून बघितला. एक खडा नाही. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा दात दाखवले. पुढच्या वर्षी त्यांचा कारखाना उभा राहिला, आणि तो राजधानीत नाही, बंदराजवळ नाही, आमच्या रोझ बेलमध्ये.

त्या दिवशी पुढच्या प्रवासात मागची सीट एकदम बोलकी झाली. खुंटीला टांगलेल्या कानांवरही एक शब्द पुन्हा पुन्हा आदळला: हॉलिडे. दहा वर्षांचा हॉलिडे. मिस्ये लापोर्त तो शब्द असा उच्चारत होते की जणू पाहुण्याच्या ताटात तूप वाढतायत. हॉलिडे म्हणजे सुट्टी, हे रामदत्तला शाळेपासून पाठ होतं. त्यानं घरी येऊन सांगितलं, "सरकारनं त्यांना दहा वर्षांची सुट्टी दिलीय."

"सुट्टीत कुणी कारखाना चालवतं का?" फुआ म्हणाली.

"मोठ्या लोकांची सुट्टी तशीच असते, दीदी. आपण सुट्टीत झोपतो, ते सुट्टीत कारखाने काढतात."

"मग कामावर रुजू झाल्यावर काय करत असतील?"

"तेव्हा तर विचारूच नको," रामदत्त म्हणाला आणि आपल्या विनोदावर आपणच हसला.

हसू नका त्याला. त्या शब्दाचा खरा अर्थ तेव्हा आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हता, मास्तरांनासुद्धा. आणि कळून घ्यायची गरज कुणाला होती? चारशे मुली कामाला लागल्या. सकाळी सातचा भोंगा झाला की सायकली, चपला आणि खिदळणं यांनी रस्ता भरून जायचा. पत्र्याची घरं सिमेंटची झाली. ज्या बापांनी 'पोरीची जात' म्हणून नाकं मुरडली होती, ते पगाराच्या दिवशी पोरीसाठी दारात ताटकळत उभे राहू लागले. आणि रामदत्त? तो गावातून चालला की लोक बाजूला होऊन म्हणायचे, "हा कारखाना यानं आणला." तो म्हणायचा, "मी कसला, रेडिएटरनं आणला." पण छाती फुगायची ती फुगायचीच.

मिस्ये लापोर्त हुशार माणूस. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तर साहेबांनी कावळ्यालाच नोकरीवर ठेवलं. त्यानंतर जो कोणी पैसेवाला विमानातून उतरे, त्याची गाडी रोझ बेलमध्ये वाफ सोडायचीच. रामदत्त रेडिएटरचं टोपण आधीच सैल करून ठेवायचा. खात्याकडून कारखान्यात निरोप जायचा, विद्वंतीला दोन तास मोकळीक मिळायची आणि ती ओट्यावर सूप घेऊन बसायची. फुआ पाहुण्याला भोजपुरीत मनसोक्त शिव्या द्यायची, साहेब त्यांची फुलं करून पाहुण्याला वाहायचे. पाहुणे गेले की घरात हसून हसून मुरकुंडी वळायची. त्या एका सुपावर बेटावर किती कारखाने आले, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण तीन तरी आलेच. आणि संध्याकाळी तोच मसूर जेवणात असायचा. रामदत्त पहिला घास घेऊन रोज एकच वाक्य म्हणायचा, "विद्वंतीनं निवडलेल्या वरणात खडा निघाला, तर मिशी उतरवीन."

कारखान्यात विद्वंतीकडे जोडणीचं काम होतं. विणलेल्या स्वेटरचे तुकडे वेगळे असतात. त्यांच्या कडेचा एकेक टाका एका गोल चकतीवरच्या सुईवर चढवायचा, मग चकती फिरते आणि दोन तुकडे एक होतात. एक टाका निसटला तर अख्खा स्वेटर उसवत जातो. टाका असतो तांदळाच्या कणीएवढा. काळ्या लोकरीवर तर दिसतही नाही, अंदाजानं पकडावा लागतो. विद्वंतीनं दिवसाला हजारो टाके चढवले, असे दहा वर्षं चढवले. तिला ते काम मनापासून आवडायचं. दोन स्थळं आली, ती तिनं परत पाठवली. "सासरी जाऊन कुणाचे टाके चढवू?" म्हणायची.

नवव्या वर्षी तिला फुआच्या सुईत दोरा ओवता येईना. फुआनं चेष्टा केली, "अगं, म्हातारी मी का तू?" विद्वंती हसली, पण दिव्याजवळ सरकली. हळूहळू ती सगळ्याच गोष्टींच्या जवळ सरकू लागली. बसच्या पाटीच्या जवळ, पंचांगाच्या जवळ, माणसाच्या तोंडाच्या जवळ. कारखान्यात मात्र तिची बोटं डोळ्यांवाचून चालायला शिकली होती, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. त्या दोन वर्षांत जगातच मंदी होती, पाहुणे येईनासे झाले होते; त्यामुळे ओट्यावर सूप घेऊन बसायची वेळही आली नाही. घरचा मसूर फुआच निवडायची.

दहाव्या वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारी लखोटा आला. चार वर्षांपूर्वी विद्वंतीनं अर्ज टाकला होता आणि सगळे विसरून गेले होते. गावच्या सरकारी शाळेत मदतनीस म्हणून नेमणूक. लहान मुलांना पाव आणि दूध वाटायचं, वर्ग झाडायचे, घंटा द्यायची. पगार कारखान्यापेक्षा कमी, पण सरकारी नोकरी म्हणजे आमच्याकडे काशीला गेल्याचं पुण्य. दहा दिवसांत होकार कळवायचा होता.

विद्वंतीनं कागद नाकाला लावून वाचला, मग बापासमोर ठेवला.

"पापा, घंटेला टाके नसतात," ती म्हणाली. "डोळ्यांना विसावा मिळेल."

"डोळ्यांना काय झालंय?"

"थकलेत. झालंय असं काही नाही." तिनं कागदाची घडी घातली. "पण कारखान्यात मला लाइनीची प्रमुख करणारेत म्हणे. मग चकतीवर बसायचं नाही, नुसतं बघायचं. तसं झालं तर मी कशाला सोडू? पोरी सगळ्या माझ्या हाताखाली शिकल्यात. एकच सांगा मला. तुम्ही साहेबांना घेऊन फिरता. कारखाना राहणार ना?"

"हे मला का विचारतेस?"

"मागच्या सीटवरचं तुमच्याशिवाय कोण ऐकतं?"

रामदत्तनं दहा वर्षांत मागच्या सीटवरचा एक शब्द घरी आणला असेल, तर तो पहिल्याच दिवशी. त्यानंतर नाही. पण आठच दिवसांपूर्वी क्वोकसाहेब गाडीत होते, मिस्ये लापोर्त शेजारी. साहेबांचा आवाज या वेळी मधात घोळलेला नव्हता, विनवणीचा होता. क्वोकसाहेब शांत होते. तेच शब्द पुन्हा आले होते. डिसेंबरच्या एकतीस तारखेला हॉलिडे संपतो. जानेवारीपासून नवी सुरुवात. एवढं रामदत्तला स्वच्छ कळलं होतं, आणि त्याचा जीव सुपाएवढा झाला होता. लेकीकडे बघता बघता त्याचं व्रत मोडलं.

"ऐक," तो खालच्या आवाजात म्हणाला, जणू लापोर्तसाहेब परसात उभे आहेत. "त्यांची सुट्टी संपली. आता जानेवारीपासून ते खरे कामाला लागणार. नवी सुरुवात, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. दहा वर्षं सुट्टीत असताना चारशे पोरी पोसल्या, आता कामावर आल्यावर काय करतील, विचार कर."

"नक्की ऐकलंत ना, पापा?"

"माझ्या या दोन कानांनी."

"हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये," फुआ आतून म्हणाली.

"दीदी, तुला त्यातलं कळत नाही," रामदत्त म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट इतरांच्या आधी कळली होती, आणि त्याचा थोडा तोरा त्याच्या आवाजात होता. तो तोरा त्याला पुढे जन्मभर आठवत राहिला.

विद्वंतीनं नकाराचं पत्र लिहिलं. ओळी वाकड्या येऊ नयेत म्हणून फुआनं कागदावर पट्टी धरली.

डिसेंबर आला, म्हणजे आमच्याकडचा उन्हाळा. लिचीचे घोस आले, गुलमोहर लाल झाले. कारखाना दरवर्षीसारखा नव्या वर्षाच्या सुट्टीसाठी बंद झाला. वर्षअखेरचा जादा पगार झाला आणि त्या साली क्वोकसाहेबांनी दारात उभं राहून प्रत्येक मुलीला बिस्किटांचा डबा दिला. मुली म्हणाल्या, बाई गं, केवढा मनाचा मोठेपणा. सुट्टीत कारखान्याशी ट्रक लागले. चार दिवस भरदिवसा यंत्रं बाहेर निघत होती. लोकांनी रामदत्तला विचारलं आणि रामदत्तनं सांगितलं, "जुनी जातायत, नवी येणार. नवी सुरुवात आहे." मग गाव निर्धास्त झालं. आमच्या बायकांनी त्या हमालांना गरम भजी आणि चहा नेऊन दिला. आपल्याच मयताला खांदा देणाऱ्यांना आम्ही चहा पाजला, असं फुआ पुढे म्हणायची.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी सातचा भोंगा वाजला नाही. चारशे मुली फाटकाशी उभ्या. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, आणि कुलपाच्या वर एक टंकलेला कागद. ऊन चढेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. सगळ्यांना वाटत होतं, कुणीतरी किल्ली घेऊन येईल. विद्वंती कागदाच्या अगदी जवळ गेली, कपाळ फाटकाला टेकेस्तोवर, आणि तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. दोन ओळी होत्या. वाचून झाल्यावर तिनं मागे वळून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "चला गं, घरी जाऊ."

रामदत्त त्या दिवशी राजधानीत होता. बातमी कळली तसा तो टोपी हातात घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. दहा वर्षांत तो न बोलावता आत गेला नव्हता.

"मिस्ये, त्यांची सुट्टी संपली होती ना?"

"म्हणूनच गेले."

"सुट्टी संपली की माणूस कामावर येतो, मिस्ये."

लापोर्तसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग खुर्ची दाखवली. रामदत्त बसला नाही. "ती सुट्टी करापासूनची होती, रामदत्त. दहा वर्षं त्यांना कर माफ. आता भरावा लागला असता. दुसरं एक बेट पंधरा वर्षं माफ करतंय, ते तिकडे गेले. मी शेवटपर्यंत हात जोडले. माझ्या हातात तेवढंच असतं." एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि ते ताठ झाले. "पण तुला हे कुठे कळलं? तू ऐकत होतास?"

"एकदाच, मिस्ये. तेही चुकीचं ऐकलं."

त्यानं शाळेच्या नोकरीचं सगळं सांगितलं. सांगताना तो साहेबांसमोर लहान मुलासारखा रडला. साहेबांना वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता तो. त्यांनी तिथल्या तिथे फोन फिरवला. जागा भरली होती. एकदा नाकारलेल्याला पुन्हा घ्यायचा नियम नव्हता. "बघतो मी," साहेब म्हणाले, आणि ते खरोखर बघत असतीलही, पण त्यातून काही निघालं नाही.

घरी आल्यावर तो लेकीसमोर जमिनीकडे बघत बसला. सांगायचं ते सांगून झाल्यावर म्हणाला, "बेटी, मी तुझ्या तोंडचा घास काढला."

"पापा, तुम्ही कुठे खोटं बोललात," विद्वंती म्हणाली. "मीही सुट्टी म्हणजे सुट्टीच समजले असते." तिनं एक शब्द दोषाचा काढला असता, तर त्याला बरं वाटलं असतं.

तीन महिने गेले. चारशे घरांत चूल जपून पेटू लागली. काही मुली उसात गेल्या, काहींची घाईनं लग्नं झाली. एप्रिलात लापोर्तसाहेबांनी रामदत्तला बोलावलं. युरोपातून मिस्टर ओल्सेन नावाचे गृहस्थ येणार होते. लोकरीचाच धंदा. रोझ बेलची इमारत रिकामी उभीच आहे. "मी तुझ्या मुलीसाठीच धडपडतोय असं समज," साहेब म्हणाले. "गाडी नेहमीच्या जागी बिघडू दे."

रामदत्तला ते घरी सांगायला दोन दिवस लागले. ऐकल्यावर फुआनं सूप उचलून भिंतीवर आपटलं. "दहा वर्षं पोरीचे डोळे खाल्ले, आता उरलेली बोटं दाखवायचीत? सांग त्या लापोर्तला, येऊन स्वतः निवड म्हणावं मसूर!"

विद्वंतीनं चाचपडत सूप उचललं, त्याची उसवलेली कड बोटांनी तपासली. "बसते मी," ती म्हणाली. "फाटकाशी उभ्या होत्या त्यातल्या निम्म्या अजून घरी बसून आहेत, फुआ. बोटंच बघायचीत ना त्यांना? बघू देत."

ओल्सेनसाहेब उंच, हसतमुख आणि बोलके होते. गाडी विमानतळावरून निघाली, आणि रोझ बेल दोन मैलांवर आलं तेव्हा मागच्या सीटवर तो शब्द आला. लापोर्तसाहेब पुन्हा तूप वाढू लागले होते. मग उभ्या नोकरीत न केलेली गोष्ट रामदत्तनं केली. आरशात बघून, आपल्या शाळकरी इंग्रजीत तो म्हणाला, "सर, तुमचा हॉलिडे किती वर्षांचा?"

लापोर्तसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. ओल्सेनसाहेब मात्र खळखळून हसले. "वर्षांचा? अरे मित्रा, एवढं नशीब कुठलं! फक्त पाच दिवसांचा!" आणि बेट किती सुंदर आहे, पुढच्या वेळी बायकोला आणायला हवं, असं काहीबाही बोलत राहिले. रामदत्तनं नजर रस्त्यावर आणली. एकाच शब्दानं दोन माणसं फसू शकतात, हे त्याला नव्यानं कळलं. पण एकाला फसून हसू येतं आणि दुसऱ्याचं घर बसतं.

दारासमोर गाडीनं वाफ सोडली. रामदत्त पाण्याला धावला. पाहुणे ओट्यावर बसले. विद्वंतीच्या मांडीवर सूप होतं आणि तिची बोटं चालू झाली, तीच थरथर, तोच वेग. ओल्सेनसाहेब "वा, वा" म्हणत वाकून बघू लागले. रामदत्त पाण्याची बादली धरून उभा होता. त्याला दिसलं की ती सुपाकडे बघतच नाहीये. मान सरळ, नजर समोरच्या रस्त्यावर, जिथे तिला बहुतेक नुसता उजेड दिसत असावा. बोटं वेगानं काहीतरी वेचून बाजूला टाकत होती. त्यात खडे थोडे होते, मसूरच जास्त होता. खडे सुपातच राहत होते.

फुआनंही ते बघितलं. दर वेळी तोंडाचा पट्टा सोडणारी फुआ त्या दिवशी पाहुण्याला एक शब्द बोलली नाही. तिनं पदर तोंडावर घेतला.

"काय झालं त्यांना?" ओल्सेनसाहेबांनी विचारलं.

"आनंद झालाय," लापोर्तसाहेब म्हणाले.

निघताना पाहुणे गाडीत बसल्यावर साहेब रामदत्तच्या कानाशी आले. बातमी चांगली होती, तरी त्यांनी ती खालच्या आवाजात सांगितली. "येतोय तो, बहुतेक नक्की. पंधरा वर्षं दिलीत आपण." मग त्यांनी रुमालानं मान पुसली. "एक आहे मात्र. त्याला मुली बाविशीच्या आतल्या हव्यात. डोळे चांगले लागतात म्हणे या कामाला."

विद्वंती दोन हातांवर होती. सूप बाजूला ठेवून ती उठली. "पापा, रेडिएटरचं टोपण नीट बसवा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी फुआनं तोच मसूर शिजवला. टाकून द्यावा असं तिच्या मनात आलं होतं, पण पोरीनं निवडलेला तिच्यादेखत कसा टाकायचा? तिघं जेवायला बसली. भात, वरण, पाल्याची भाजी, टोमॅटोची चटणी. रामदत्तनं पहिला घास घेतला, आणि दाताखाली कच्चकन् आवाज झाला. दुसऱ्या घासाला पुन्हा.

विद्वंतीचा हात ताटातच थांबला. "पापा, खडा लागला?"

या घरात एकदा त्यानं चुकून खोटं सांगितलं होतं, आणि त्यात तिचं सगळं गेलं होतं. आता त्यानं जिभेनं खडा गालात सरकवला, आणि गिळला. "छे. विद्वंतीनं निवडलेला मसूर," तो म्हणाला. "खडा निघाला तर मिशी उतरवीन."

ती पुन्हा जेवू लागली. थोड्या वेळानं तिच्याही दाताखाली खडा वाजला. तिघांनीही तो ऐकला. तिनं तो काढला नाही, खाली मान घालून चावत राहिली.

"अजून वाढू?" फुआनं विचारलं.

रामदत्तनं ताट पुढे केलं.